भीमगडच्या रानातून एका माहेरवाशिणीचं गाऱ्हाणं : वनखात्यास खुले पत्र

भीमगड वन्यजीव अभयारण्याचा कारभार पाहणाऱ्या सर्व वनाधिकाऱ्यांस,

सप्रेम नमस्कार.

आमच्या भागात देवाकडे काही मागायचं झालं की गावकर पुढं होतो, नारळ ठेवतो आणि गाऱ्हाणं घालतो. त्यात भांडण नसतं. काय झालंय, काय हवंय, लेकरांचं काही चुकलं असेल तर पोटात घाल, असं सरळ उभ्यानं सांगायचं. हे पत्र त्याच रीतीनं लिहितेय. मी खानापूर तालुक्यातली, अभयारण्यातल्या १३ गावांपैकी एका गावची लेक. लग्न होऊन बेळगावात आले त्याला २६ वर्षं झाली. गावाचं नाव मुद्दाम घालत नाही. अभयारण्यातली गावं उठवून बाहेर वसवायचं तुमचं चाललंय, त्यात उठायचं की राहायचं हे आमच्या गावाचं अजून ठरायचंय, आणि माझं एकटीचं म्हणणं गावाचं म्हणून कुणी धरू नये. पत्राचं कन्नड माझ्या मुलीनं करून दिलंय, तेही सोबत पाठवतेय.

आधीच सांगते, गाव उठवू नका असं म्हणायला मी लिहीत नाहीये. माझा धाकटा भाऊ जायला तयार आहे. त्याला दोन मुली आहेत. गावातली शाळा संपली की पुढची गाठायला रानातून सात-आठ किलोमीटर चालायचं. पावसाळ्याचे चार महिने ओढ्यावरचा साकव हाच रस्ता. तो दरवर्षी गावानंच लाकडं बांधून उभा करायचा, आणि एखाद्या रात्रीच्या पुरात तो वाहून जायचा. बाबांना अर्धांगाचा झटका आला तो श्रावणात. घोंगडीची झोळी करून बांबूला बांधली आणि चौघांनी चिखलातून, पायाच्या जळवा काढत, त्यांना डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. साडेतीन तास गेले. दवाखान्यातल्यांनी होईल ते सगळं केलं, पण वेळ आधीच गेली होती. त्या झोळीचा एक खांदा माझ्या भावाचा होता. रान सोडू नकोस, असं त्याला मी बेळगावात राहून कुठल्या तोंडानं सांगू?

आईचं मात्र वेगळं. ती भांडत नाही, कुणाला अडवतही नाही. गेल्या मार्गशीर्षात मी गेले होते तेव्हा चुलीपुढं बसून एवढंच म्हणाली, “जा म्हंतासा तर जातो गं. पन सातेरीला दिवा कुनी लावायचा?” सातेरी ही आमची गावदेवी. मला उत्तर सुचलं नाही. ते तुमच्याकडून मिळेल का, म्हणून हा सगळा खटाटोप.

हे रान किती मोलाचं, हे तुम्हाला मी काय सांगणार. २०११ साली अभयारण्य झालं, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं. नकाशावर ते लहान दिसतं, पण दाराच्या बिजागरीसारखं ते मधोमध बसलंय. खाली दांडेली-अणशीचा काळी व्याघ्र प्रकल्प, पश्चिमेला गोव्याचं म्हादई अभयारण्य, वर चोर्ला घाटातून तिळारी, राधानगरी आणि पुढं सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. २०१८ मध्ये सह्याद्रीत कॅमेऱ्यात आलेला एक नर वाघ २०२० मध्ये काळीच्या रानात दिसला, अंगावरच्या पट्ट्यांवरून त्याची ओळख पटली. एवढा पल्ला त्यानं रानारानानं, घाटमाथा धरूनच गाठला असणार. म्हणून हा मधला दुवा तुटू नये असं तुम्हाला वाटतं, तसं आम्हालाही वाटतं. गाव उठल्यानं तो घट्ट होणार असेल तर माझ्या भावासारखे पुष्कळ जण हसत जातील.

माझं गाऱ्हाणं गाव उठण्याच्या रीतीबद्दल आहे. गाव उठलं की तिथं आधी काय होतं हेही पुसलं जातं. दहा वर्षांत घरांच्या भिंती मातीला मिळतात, अंगणात ऐन आणि किंजळ उगवतो. रानाच्या दृष्टीनं हे चांगलंच आहे. पण रानाची माहिती असलेली माणसं खानापूरच्या कुठल्यातरी कडेला नव्या कॉलनीत जाऊन बसतात आणि त्यांच्याबरोबर ती माहितीही संपते.

आमच्या राईत, म्हणजे देवाच्या नावानं राखलेल्या रानात, वाघ्रो आहे. जेमतेम हातभर उंचीचा काळा दगड, त्यावर कोरलेला वाघ. शेपूट पाठीवर वळवून घेतलेली, पंजे एकापुढं एक, आणि डोळ्याच्या जागी पावसानं झिजून राहिलेली नुसती खाच. लहानपणी मी त्या खाचेत बोट घालून बघायची आणि आजी हातावर चापट मारायची. गुरं पहिल्यांदा चरायला सोडायची त्या दिवशी त्याच्यापुढं नारळ फुटायचा, आणि त्याच्यापलीकडं कुणी कोयता न्यायचा नाही. राईतली वाळलेली फांदीसुद्धा चुलीला चालत नाही. त्यामुळे गावाभोवतीचं रान विरळ झालं तेव्हाही राईत उन्हाचा कवडसा पडायचा नाही. तिथल्या झऱ्याला मे महिन्यातही पाणी असतं आणि शेकरू भरदुपारी खाली उतरून येतं. ती राई कुणी राखली, किती पिढ्या राखली, कुठल्या नियमानं राखली, याची एक ओळ तरी कुठं लिहिलेली आहे का? व्यवस्थापनाच्या आराखड्यात झाडांच्या जाती येतील, गव्यांची मोजदाद येईल. वाघाची पूजा करणाऱ्या माणसांनी वाघाचं रान कसं राखलं, हे त्यात यायला नको का?

दगडानं वाघ वाचतो असं मात्र मी म्हणत नाही. पलीकडं म्हादईच्या रानातही वाघाला देव मानणारी माणसं आहेत, तरी जानेवारी २०२० मध्ये तिथं एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. वाघांनी गुरं मारली त्या रागातून विष घातल्याचं तपासात पुढं आलं. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्यानं हे केलं त्याला माफी नसावी. पण गोठ्यातली दुभती म्हैस गेली की घराचं काय होतं, हेही मी बघितलंय. भाताला दाणा भरायला लागला की गवीरेडे उतरतात, रात्रभर माळ्यावर बसून डबा बडवावा लागतो, आणि सकाळी बघावं तर निम्मं शेत आडवं. भरपाईचा अर्ज, पंचनामा, फोटो, परत हेलपाटे. साहेब, गावात येणारा तुमचा माणूस आठवड्याच्या आत पैसे घेऊन आला तर त्याच्याएवढं वाघाला राखणारं दुसरं काही नाही. जी गावं राहणार आहेत त्यांच्यासाठी तरी एवढं कराच.

आता बारापेडेच्या गुहांबद्दल. आम्ही त्यांना पाकोळ्यांची, म्हणजे वटवाघळांची, गुहा म्हणायचो. आजोबा मला एकदाच घेऊन गेले होते, तेही तोंडापर्यंत. आतून उबट वास आणि पाण्याचा थेंब टपकल्याचा आवाज येत होता. तोंडाशी एक पाकोळी पडली होती, मेलेली. आजोबांनी पानावर घेऊन दाखवली. चॉकलेटी मखमलीसारखं अंग, मानेमागं फिकट पट्टा, आणि कान केवढे तर तोंडाच्याही पुढं आलेले, टोपीच्या कडेसारखे. आजोबा म्हणाले, हिच्या घरात विस्तव न्यायचा नाही. पुष्कळ वर्षांनी मुलीच्या अभ्यासात कळलं की आम्ही बघितलं ते रॉटनचं वटवाघूळ. १९१३ मध्ये लंडनच्या ओल्डफील्ड थॉमस यांनी त्याचं वर्णन केलं ते याच गुहांमधल्या नमुन्यांवरून, आणि नाव दिलं ते रॉबर्ट रॉटन यांचं. हे रॉटन मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यातले, म्हणजे तुमच्याच परंपरेतले. कितीतरी दशकं हा प्राणी साऱ्या जगात फक्त आमच्या या गुहांमध्ये आहे असं समजत होते. पुढं तो मेघालयात आणि कंबोडियातही सापडला, तरी त्याचं मूळ घर हेच.

दोन-तीन वर्षांमागं गावातल्या पोरांनी मला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. शहरातली सात-आठ जणं, हातात टॉर्च, कुणीतरी मशाल पेटवलेली, आरडाओरडा, आणि छताशी काळा भोवरा उठलेला. बाहेरून शिट्ट्या. वटवाघळांच्या वस्तीत पिलं असतात तेव्हा असा गोंधळ झाला की आया उडतात आणि पिलं खाली पडतात. खाली पडलेलं पिलू परत वर जात नाही. त्या मुलांना हे ठाऊक नसणार. ती वाईट नव्हती, हौशी होती. पण त्यांना वाट कुणी दाखवली? कुठल्यातरी पोस्टमधल्या लोकेशननं. म्हणून विनंती करते, गुहांच्या वाटेवर कमान, पायऱ्या, पाटी, सेल्फी पॉइंट काही काही करू नका. तिथं फक्त राखणदार हवा, आणि तो आमच्या गावांतला हवा. गाव उठल्यावर त्या पोरांना गवंड्याच्या हाताखाली पाठवण्यापेक्षा तुमच्या कॅम्पवर वॉचर म्हणून घ्या. अंधारात गव्याची चाहूल कुठून येते हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

भीमगडाबद्दल थोडंच लिहिते, कारण गडावर माझ्यापेक्षा जास्त जीव असलेले बेळगावात गल्लोगल्ली आहेत. शिवकाळात पोर्तुगीजांवर नजर ठेवायला हा गड बांधला असं आम्ही ऐकत आलोय. उभे कडे, वर जायला एकच वाट. जुन्या गॅझेटियरमध्ये त्याची लांबी १३८० फूट आणि रुंदी ८२५ फूट दिलीय. त्या गडाला माणसांपेक्षा कड्यांनी आणि रानानंच जास्त राखलंय. तिथं जाणाऱ्या पोरांना नुसतं हुसकावून लावू नका. वर्षातून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या संख्येत, गावातला वाटाड्या सोबत देऊन त्यांना जाऊ द्या. टाक्यातला गाळ काढतील, प्लॅस्टिक खाली आणतील. बुरुजाला सिमेंट लावायला मात्र कुणालाही देऊ नका.

आता कागदाचं सांगते. बाबांच्या लोखंडी ट्रंकेत एक पुडकं आहे. आजोबांच्या नावच्या फाळ्याच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, पावत्या, एक मोडीतला कागद, आणि बेळगाव मुंबई राज्यात होतं तेव्हाचे दोन-तीन मराठी उतारे. १ नोव्हेंबर १९५६ नंतरचं सगळं कन्नडमध्ये. आईला ना मोडी येत, ना कन्नड वाचता येत, पण दर दसऱ्याला ती ट्रंक उघडून पुडक्याला हळद-कुंकू लावते. आम्हाला ते पूजेचं वाटायचं. २००६ चा वनहक्क कायदा वाचल्यावर कळलं की ते हक्काचंही आहे. आमच्यासारखे जे आदिवासी नाहीत त्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, इथंच राहून रानावर पोट भरल्याचा पुरावा द्यावा लागतो. त्या कायद्याच्या नियमांमध्ये पुरावा म्हणून काय काय चालतं बघा: गॅझेटियर, जनगणना, जुने सर्व्हे, वंशावळ, विहिरी, स्मशानं, देवस्थानं, आणि म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेलं लिहून घेतलेलं. म्हणजे आमचा वाघ्रो हाही पुरावा, आणि आईचं बोलणंही. मग हे लिहून घ्यायच्या आधी गाव उठलं तर हक्क कशावरून ठरवणार?

याच कायद्याचं चौथं कलम तुमच्या टेबलावर असेलच. अभयारण्यातल्या माणसांचं पुनर्वसन करायचं तर आधी हक्क निश्चित झाले पाहिजेत, ग्रामसभेनं समजून-उमजून लेखी संमती दिली पाहिजे, आणि नव्या जागी कबूल केलेली जमीन आणि सोयी पुऱ्या झाल्याशिवाय कुणाला हलवायचं नाही. त्या संमतीचा कागद मराठीतही हवा, आणि सभेत मोठ्यानं वाचून दाखवायला हवा. आमच्या गावात चाळिशीच्या पुढच्या बायकांपैकी कन्नड वाचू शकणारी एकही नाही. अंगठा उठवणारीला कागदात काय आहे ते तिच्या बोलीत कळलं नाही, तर ती संमती कशी म्हणायची?

अभयारण्यातल्याच तळेवाडीच्या २७ कुटुंबांना गाव सोडायचा २०२५ मध्ये पहिला हप्ता मिळाला. खुशीनं गेली असतील तर त्यांचं भलं होवो. घरटी १५ लाख ही रक्कम, २०२१ पर्यंत ती १० लाख होती. रानातल्या माणसाला १५ लाख म्हणजे डोंगराएवढे वाटतात. पण खानापूरच्या आसपास प्लॉट घेऊन घर बांधलं की त्यातलं उरतं काय, हे मी शहरात राहून बघतेय. भात, नाचणी, दूध, सरपण, काजू, हे घरात विकत कधी आलंच नव्हतं, ते उद्यापासून सगळं विकत. आपल्याच राज्यातल्या भद्राच्या रानातून २००१-०२ मध्ये चारशेहून अधिक कुटुंबं उठली, त्यांना जमिनीला जमीन मिळाली, वस्ती एकत्र बसवली. म्हणून आजही पुनर्वसन म्हटलं की भद्राचं नाव चांगल्यासाठी घेतात. उलट पलीकडं चांदोलीची माणसं आधी धरणासाठी उठली, मग रानासाठी, आणि त्यांची दुसरी पिढी अजून जमिनीसाठी मोर्चे काढतेय. दोन्ही वाटा समोर आहेत. भद्राची वाट धरा, एवढंच सांगणं.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला मला थोडी भीती वाटते, तरी बोलते. त्याच चौथ्या कलमात लिहिलंय की माणसं उठवून मोकळं केलेलं रान पुढं कुठल्याही दुसऱ्या कामाला देता येणार नाही. सरकारलाही नाही. म्हादई आमच्याच रानात उगम पावते, मलप्रभा कणकुंबीला. कळसा आणि भांडुरा या म्हादईच्या ओढ्यांचं पाणी मलप्रभेत वळवायचं काम किती वर्षं वादात आहे हे साऱ्यांना माहीत आहे. म्हादईच्या पाणीतंट्याच्या लवादाच्या १४ ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मिळालं, त्यातलं ३.९ टीएमसी वळवायचं. हुबळी-धारवाडची तहान खोटी नाही, तिथं माझी नणंद राहते, नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते मला ठाऊक आहे. पण कणकुंबीच्या बाजूला जमीन उकरली गेली तेव्हा तिथला ओलावा कसा बदलला, हे तिथल्या माणसांना विचारा. आमच्या आईच्या चुलीच्या धुरानं रानाला त्रास होत असेल तर सुरुंगानं, जेसीबीनं आणि पाइपलाइनच्या चरानंही होत असणार. आम्ही उठलो त्या जागी उद्या रिसॉर्ट, रस्ता किंवा कालवा आला तर आमच्या माणसांना आपण फसलो असं वाटेल, आणि पुढच्या गावाची संमती मग कुणाला मिळणार नाही. हा शब्द तुम्ही लेखी द्या. प्रत्येक ग्रामसभेच्या ठरावाला जोडून द्या.

तर आता मागणं. गाव उठायच्या आधी प्रत्येक गावात माणसं पाठवा, मराठी समजणारी, वही आणि रेकॉर्डर घेऊन. राणी चन्नम्मा विद्यापीठातली मुलं घ्या, बेळगावच्या कॉलेजांमधली घ्या, तुमचे गार्ड घ्या. रानातल्या जागांची नावं लिहून घ्या. आमच्याकडं कुमरीचा माळ आहे, इंग्रजांनी रान जाळून शेती करायला बंदी घातली त्याच्या आधीची आठवण त्या नावात आहे. अस्वलाची घळ आहे, बैलतांडे उतरायचे ती जागा आहे. ही नावं गार्डच्या नकाशावर आली तर वणवा कुठं लागला हे वायरलेसवर सांगायलाही उपयोगी पडतील. राया, वाघ्रो, सतीचे दगड, विहिरी यांचे फोटो आणि मोजमापं घ्या, आणि ते दगड उचलून म्युझियममध्ये नेऊ नका. आहेत तिथंच राहू द्या. आणि वर्षातून एक दिवस, ज्या गावाची जी जत्रा असेल त्या दिवशी, उठलेल्या गावाच्या माणसांना आत येऊ द्या. लाउडस्पीकर नको, गाड्या गेटबाहेर, चालत जाऊ, दिवा लावू, संध्याकाळच्या आत बाहेर पडू. आईच्या प्रश्नाला माझ्याजवळ एवढंच उत्तर आहे, आणि ते फक्त तुमच्या सहीनं खरं होणार आहे.

आई ७८ वर्षांची आहे. तिच्या वयाची गावात आता चौघंच उरलीत. त्यातल्या एकाला राईतल्या साऱ्या झाडांची नावं पाठ आहेत, पण हल्ली दुपारनंतर त्याला नीट आठवत नाही, सकाळीच बसावं लागतं. कुणाला पाठवणार असाल तर मेच्या आत पाठवा. जूनमध्ये साकव जातो, मग दिवाळीपर्यंत कुणाला आत येता येत नाही. येताना वहीशिवाय काही आणायला नको. जेवण आमच्या घरी.

आपली नम्र,
एक माहेरवाशीण, बेळगाव